एका ताग्याचे दोन सदरे

गावात मला फटकळ म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. मांजर आडवं गेलं तर मी तशीच पुढं जाते. अमावस्येला नवी गाडी आणू नये म्हणणाऱ्याला मी, पेट्रोल कोणत्या तिथीला भरता, असं विचारते. बारावीपर्यंत शिकलेली आहे, घरात शिलाई मशीन आहे, ब्लाउज शिवून चार पैसे मिळवते, त्यामुळं तोंड जरा जास्तच चालतं. अशा बाईची वीतभर कापडानं बोबडी वळली. ती भीती अजून गेलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव शेवगावहून बसनं अर्ध्या तासावर. घरात आम्ही तिघं. मी, माझे मालक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मालक शेवगावच्या मार्केट यार्डात तोलार आहेत, पोती उचलून काट्यावर चढवतात. मुलगी लग्न होऊन भिंगारला गेली. चौथा माणूस होता तो माझा धाकटा दीर. स्वतःचा छोटा टेम्पो चालवायचा, लग्नाचा होता, आत्याबाई त्याच्यासाठी मुली बघत होत्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो नगरच्या दवाखान्यात गेला आणि तिकडूनच गेला. (जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) घरी परत आला तो त्याचा मोबाईल आणि चपलांचा जोड.

त्या दिवसांत गावानं काय केलं, तर माणूस गेला की त्याचे कपडे गावाबाहेर नेऊन जाळले. अंथरूण, पांघरूण, टॉवेलसुद्धा. एरवीही मेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, कुणाला तरी देऊन टाकतात. पण तेव्हा घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. आमच्या घरचे मालकांनी जाळले. आत्याबाई ओट्यावर बसून धुराकडं बघत होत्या.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई आमच्या गावात यायला लागल्या. चित्रकला शिकवणाऱ्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण सुती साडी आणि खांद्याला भलीमोठी पिशवी. दर बुधवारी सकाळच्या बसनं यायच्या आणि समाजमंदिरात बचत गटाच्या बायकांना जमवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की कोरोनात गावातले जे जे गेले त्यांच्या आठवणीसाठी सगळ्यांनी मिळून एक मोठं कापडी चित्र करायचं. प्रत्येक घरानं आपल्या माणसाच्या कपड्याचा एक तुकडा द्यायचा, त्यावर दोऱ्यानं त्याची खूण काढायची आणि सगळे तुकडे जोडून ते ग्रामपंचायतीच्या नव्या हॉलमध्ये भिंतीवर लावायचं. त्या त्याला टेपेस्ट्री म्हणत. आम्ही पहिल्या दिवसापासून गोधडी म्हणायला लागलो.

"गोधडी भितीला कशापायी?" आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "भितीला थंडी वाजती का?"

सगळ्या हसल्या. पुण्याच्या बाईही हसल्या. पण आत्याबाई हसल्या नव्हत्या. त्या उठून घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "आपलं काय बी द्यायचं न्हाई. आपल्याकडं काय ऱ्हायलंच न्हाई."

हळूहळू तुकडे यायला लागले आणि बायका रोज दुपारी शिवायला बसू लागल्या. जाळलं जाळलं म्हणणाऱ्यांच्या घरातूनही काहीबाही निघालं. कुणाच्या धोतराचं फाडलेलं फडकं चुलीजवळ राहिलं होतं, कुणाचा रुमाल शेजारणीकडं. अकरा घरांपैकी दहा घरांचं आलं. नावं लिहायची नाहीत असं बायकांनीच ठरवलं, खुणेवरून ओळखू म्हणाल्या. किराणा दुकानदाराचा तराजू झाला, ऊसतोडीला जाणाऱ्याचा कोयता झाला, शाळेतल्या शिपायाची घंटा झाली. मधोमध एक चौकोन तेवढा रिकामा राहिला. तो आमचा.

येता-जाता बायका विचारायच्या, तुमचं कधी? वाईट कुणी बोललं नाही, पण मला लाज वाटायला लागली. गावात शिवणकाम करणारी मी, आणि माझ्याच घरचं ठिगळ नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रिकाम्या चौकोनाकडं बघवत नव्हतं. त्या पोराला मी लग्न होऊन आल्यापासून वाढवलेलं. पाचवीत होता तेव्हा. माझ्या हातची भाकरी त्याला गोड लागायची.

मग एक दिवस आत्याबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या असताना मी घरातली लोखंडी पेटी उपसली. खाली, रगाच्या घडीत, निळ्या रेघांचा सदरा सापडला.

तो सदरा मीच शिवलेला. चुलत नणंदेच्या लग्नात दोघा भावांना एका ताग्यातून सारखे सदरे शिवले होते. आमच्याकडं हौसेनं करतात तसं. मांडवात दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा पाहुणे म्हणाले, जुळे आहेत का काय. मालकांचा सदरा पुढं त्यांना घट्ट व्हायला लागला, म्हणून मी तो जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधून बोहारणीला दिला आणि त्यावर स्टीलचा डबा घेतला. डबा अजून घरात आहे. मग पेटीतला सदरा कुणाचा? धाकट्याचाच. हिशेब सरळ होता. जाळताना राहिला असणार. मी छातीशी धरला, रडले, आणि पाठीचा वीतभर चौकोन कापून घेतला. उरलेला सदरा पुन्हा रगात गुंडाळून ठेवला.

त्या बुधवारी मी त्या तुकड्यावर लाल दोऱ्यानं टेम्पो काढला. मागं फळकुटही काढलं, चाकं जरा वाकडी झाली. बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. आत्याबाईंना घरी सांगायचं धाडस झालं नाही. त्यांना गावातूनच कळलं. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन समाजमंदिरात आल्या, गोधडीच्या कडेनं मधोमध सरकत गेल्या आणि त्या निळ्या चौकोनावर हात ठेवून कितीतरी वेळ बसल्या. मला वाटलं आता मला झोडणार. त्यांनी सुई मागितली आणि शिवायला बसल्या. त्या दिवसापासून रोज येऊ लागल्या. मी मनात म्हटलं, बघ, उगाच भीत होतीस.

मग मालकांच्या छातीत दुखायला लागलं.

पोती उचलताना भरून आलं म्हणून आधी त्यांनी ते अंगावर काढलं. पुढं जिना चढवेना. शेवगावच्या डॉक्टरांनी नगरला पाठवलं, तिथं नळी घालून तपासणी झाली आणि तीन ठिकाणी अडथळे निघाले. बायपास करावी लागेल म्हणाले. गुरुवारी भरती व्हायचं, शुक्रवारी ऑपरेशन. मालक महिन्याभरात असे वाळले की पँटला पिशवीसारख्या चुण्या पडायच्या. मी देवाला नवस केला नाही, पण डॉक्टरांना एकच प्रश्न इतक्यांदा विचारला की नर्स मला टाळायला लागली.

मंगळवारी दुपारी मी दवाखान्याची पिशवी भरत होते. मालक खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "तो निळ्या रेघांचा सदरा दे की. मोकळा हाय, म्होरून बटनं हायती, दवाखान्यात बरा पडंल. आता बसंल मला."

"तो बोहारणीला दिला," मी म्हणाले.

"कुठं दिला? पेटीत हाय. आईनं गाठोड्यातनं काढून ठिवला हुता. मला दावला हुता तिनं. धाकट्याच्या जोडीचा हाय, ऱ्हाऊ दे म्हनली."

मी पेटीकडं कशी गेले मला आठवत नाही. रग उलगडला. पाठ कापलेला सदरा हातात घेतला आणि गळपट्टी उलटी केली. शिवणारा माणूस सारख्या कपड्यांना आतून खूण घालतो. मी तेव्हा गळपट्टीच्या आत लाल दोऱ्याचे टाके घातले होते, थोरल्याला एक आणि धाकट्याला दोन.

एकच टाका होता.

मी शिवणारी बाई, माझीच खूण, आणि कापताना मी ती बघितली नव्हती. रडायच्या नादात बघितली नव्हती. माझ्या जिवंत नवऱ्याच्या पाठीचं कापड मी माझ्या हातानं मेलेल्यांच्या गोधडीत शिवलं होतं. आणि त्यानंतर महिन्याभरात त्यांची छाती दुखायला लागली होती. पितरांची पानं वाढताना त्या रांगेत जिवंत माणसाचं पान मांडावं, तसं मी करून बसले होते.

"सापडला का?" मालकांनी बाहेरून विचारलं.

"उसवलाय. नीट करून देते," मी म्हणाले.

आता कुणी म्हणेल, तू तर हे मानत नाहीस. नाहीच मानत. तिन्ही अडथळे काही महिन्याभरात तयार झाले नाहीत हे मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तंबाखू, तेल, मीठ, सगळं मला पाठ होतं. पण डोकं एक सांगत होतं आणि मन दुसरंच धरून बसलं होतं. मालक जेवता जेवता ठसकले तरी मी दचकून उठायची. आत्याबाईंना सांगावं म्हटलं तर कोणत्या तोंडानं सांगू? एक लेक गेलेली बाई. तिला जाऊन सांगू, की दुसऱ्यालाही मी त्याच्याच शेजारी बसवलाय?

आणि वेळही उरला नव्हता. बुधवारी गोधडी पुरी व्हायची होती. आमच्याकडं गोधडी शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात गुळपोळीचा घास ठेवून तो कोपरा शिवतात. त्याला गोधडीचं पोट भरणं म्हणतात. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला खाते, असं जुन्या बायका सांगतात. आणि एकदा पोट भरलं की त्या गोधडीचा टाका उसवायचा नाही. फाटली तर वरून ठिगळ लावायचं, उसवायचं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि हसत आले. त्या रात्री मला एकदाही हसू आलं नाही.

बुधवारी सकाळपासून समाजमंदिरात बायकांची गर्दी. पुण्याच्या बाई आल्या होत्या, फोटो चालले होते. पोट दुपारी चारला भरायचं ठरलं. मधल्या चौकोनाभोवती कुणी ना कुणी बसलेलीच, मी संधी बघत होते. एक वाजता सगळ्या जेवायला पांगल्या. पुण्याच्या बाईंना कुणीतरी घरी जेवायला नेलं. मी घरी जाते म्हणाले, पाणवठ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. ब्लेड कागदात गुंडाळून कमरेला खोचलं होतं. चोरी करायला निघाल्यासारखी मी समाजमंदिराच्या पायऱ्या चढले. दार नुसतं लोटलेलं होतं.

गोधडी जमिनीवर पसरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड. मी गुडघ्यांवर सरकत मध्ये गेले. कोयता ओलांडला, तराजू ओलांडला. मेलेल्या माणसांच्या कपड्यांवरून जातेय हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. टेम्पोपाशी पोचले, ब्लेड काढलं आणि ते हातातून पडलं.

टेम्पो होता. वाकड्या चाकांसकट, मी काढला होता तसाच. पण खालचं कापड निळ्या रेघांचं नव्हतं. हिरवं होतं, गडद, धुऊन धुऊन विटलेलं.

नवऱ्याच्या कापडाचा तुकडा कुणीतरी काढून नेला, एवढंच मला कळलं. कुणी नेला? कशाला नेला? गावात कुणाचं कापड, कुणाचे केस कशासाठी चोरतात त्याच्या सगळ्या गोष्टी, ज्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली, त्या एकदम माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी ओरडणार होते.

"वरडू नगं," मागून आवाज आला. "म्या काढलाय."

भिंतीला टेकून, दाराच्या आडोशाला आत्याबाई बसल्या होत्या. त्या जेवायला गेल्याच नव्हत्या. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि आतून घडी केलेला निळ्या रेघांचा चौकोन काढून माझ्यापुढं धरला. चौकोनाला टेम्पोच्या टाक्यांची भोकं होती.

"घे. त्याच्या सदऱ्याला परत लाव."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिशी. हात लावला तवाच."

"खुणेवाचून कसं कळलं?"

"अगं, धाकट्याचा सदरा माज्या उशीत हाय. जाळायच्या आदी म्या काढून घेतला. रोज त्यावर डोकं ठिवून निजते. मग हितं दुसरा कुटनं आला? थोरल्याचाच असनार की."

मी त्यांच्या पायांशी बसले आणि रडायला लागले. चुकलं म्हणाले, दहा वेळा म्हणाले. त्यांनी मला गप्प केलं नाही. त्यांचंही नाक लाल झालं होतं.

"मला बोलला का नाही, आत्याबाई?"

"काय बोलू? तू त्याच्या मायेनं लावलं हुतंस. आनि तू भ्याली असतीस. आदीच दवाखान्यानं तुजं तोंड उतरलंय."

मग मी त्या हिरव्या चौकोनाकडं पुन्हा बघितलं आणि कापड ओळखलं. ते लुगडं मी आठवड्याला दोनदा धुते. परवाच दोरीवर वाळत घातलं होतं. त्याचा काठ कातरलेला दिसला तेव्हा मला वाटलं होतं उंदरानं खाल्ला.

"हे तुमचं आहे."

"व्हय. काल सांजच्याला समद्या गेल्यावर तुज्या टेम्पोवरनं टेम्पो काढला आन बसवला."

"तुमचं कशाला लावलंत? तुम्ही जित्या आहात! धाकट्याचाच सदरा द्यायचा होता ना, त्याचाच हक्क होता."

"त्यो न्हाई द्यायची मी." हे त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मी मागं सरकले. मग हळू झाल्या. "त्येवडाच हाय माज्यापाशी. आनि जागा मोकळी कशी ठिवायची? एकडाव तिथं जित्याचं कापड शिवलं गेलं. सारं गाव बघून गेलं. काढून घेतलं आन जागा तशीच ठिवली, तर ती जागा मागनार. तिला कायतरी द्याया पायजे. एक लेक गेला, दुसरा परवा टेबलावर झोपनार. मंग ऱ्हायलं कोन?"

"हे असलं काही नसतं, आत्याबाई," मी म्हणाले. मीच म्हणाले, कमरेला ब्लेड खोचून आलेली.

"नसंल तर मंग बरंच हाय की. माजं काय जातंय?"

मी ब्लेड उचललं. काढते म्हणाले, आत्ता काढते, माझ्या पदराचा तुकडा लावते. त्यांनी माझं मनगट धरलं. सत्तरी गाठलेली बाई, पण उभा जन्म खुरपं धरलेला हात, मला सोडवता आला नाही. तेवढ्यात पायऱ्यांवर बायकांचे आवाज आले. आत्याबाईंनी ब्लेड माझ्या हातातून काढून आपल्या पिशवीत टाकलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "या गं या. पोळी आनली का?"

चार वाजता गोधडीचं पोट भरलं. पुण्याच्या बाईंनी विचारलं, शेवटचा टाका कोण घालणार? सगळ्यात थोरल्या म्हणून आत्याबाईंना पुढं केलं. त्यांनी गुळपोळीचा घास कोपऱ्यात सारला, सुई ओवली आणि कोपरा बंद केला. गाठ मारून दोरा दातानं तोडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात वर उचललेच नाहीत.

संध्याकाळी मशीनवर बसून मी तो चौकोन सदऱ्याच्या पाठीला परत जोडला. जोड दिसत होता. मालकांनी विचारलं, एवढा कसा उसवला? मी म्हटलं, उंदरानं खाल्ला. गुरुवारी ते तोच सदरा घालून नगरला गेले. शुक्रवारी साडेचार तास मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. लेक शेजारी होती, ती म्हणत होती आई, आजीला फोन लाव. मला लावायचं धाडस होत नव्हतं. इकडचं काय सांगू त्याची भीती नव्हती. तिकडून फोन कोण उचलेल, उचलेल की नाही, याची भीती होती. शेवटी डॉक्टर बाहेर आले, सगळं ठीक झालं म्हणाले, आणि मी त्यांच्यासमोरच फोन लावला. खूप वेळ वाजला. मग आत्याबाईंनी उचलला. शेळी सुटली होती, तिच्यामागं गेले होते म्हणाल्या.

आता मालक बरे आहेत. पोती उचलत नाहीत, काटा बघतात. गोधडी हॉलमध्ये भिंतीवर आहे. ग्रामसभेला गेलं की मी पाठ करून बसते, कारण समोर बसलं की टेम्पो दिसतो. मी अजूनही हे काही मानत नाही, असं लोकांना सांगते. पण आत्याबाईंना ठसका लागला की माझा जीव खालीवर होतो. त्या विहिरीकडं गेल्या की मी काहीतरी निमित्त काढून मागं जाते. त्यांना हे कळतं आणि त्या मला रागावतात, कामधंदा न्हाई का तुला म्हणतात.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. मी चहा घेऊन त्यांच्या खोलीपाशी जाते आणि उंबऱ्यातच थांबते. त्या भिंतीकडं तोंड करून निजलेल्या असतात, डोक्याखाली ती उशी. मी हाक मारत नाही. पांघरूण वरखाली होताना दिसतं का ते बघत राहते, कपातला चहा गार होईपर्यंत. परवा मी अशीच उभी होते. बराच वेळ काही हललं नाही. माझ्या हातातली बशी वाजायला लागली.

"हाय गं अजून," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "आन तो च्या."